पुढच्या दिव्याचा हिशेब

जयपूर शहरात मोती डुंगरी नावाची एक लहानशी टेकडी असून तिच्या पायथ्याशी श्रीगणेशाचे अठराव्या शतकातील मंदिर आहे. नवी मोटार किंवा स्कूटर घेतली की ती प्रथम या मंदिरासमोर आणावयाची, हा जयपूरकरांचा परिपाठ. महाराष्ट्रात गणपतीचा वार मंगळवार मानतात, राजस्थानात बुधवार. त्यामुळे बुधवारी मंदिरापुढे कोऱ्या गाड्यांची रांग लागते. वाराचा एवढा फरक सोडला, तर बदलीच्या निमित्ताने जयपूरला गेलेल्या मराठी कुटुंबाला तेथे परके वाटावे असे काहीच नाही. बॉनेटवर स्वस्तिक रेखले जाते, हार चढतो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि गाडी घरी येते.

त्या सोहळ्यात गाडीच्या पुढच्या दोन दिव्यांकडे कोणी फारसे पाहत नाही. मात्र पुढे कधीतरी, वर्षा-दीड वर्षाने म्हणा, एका संध्याकाळी बटण दाबले असता समोरच्या भिंतीवर प्रकाशाचे एकच वर्तुळ पडते. मग घरात एक छोटासा प्रश्न उभा राहतो. हा बल्ब आपला आपण बदलावा, की गॅरेजवाल्याला पैसे देऊन बदलून घ्यावा?

परिव्यय लेखांकनाच्या अभ्यासक्रमात ‘स्वतः बनवावे की बाहेरून घ्यावे’ हा एक नेहमीचा धडा असतो. तेथे कारखान्यातील सुट्या भागांचे लाखोंचे आकडे असतात, येथे दोन-अडीचशे रुपयांचा काचेचा बल्ब आहे. प्रश्नाचा साचा मात्र तोच. आणि त्या धड्यातील मुख्य सूत्रही येथे तितकेच लागू पडते. ते असे की, हिशेबात फक्त बिलावरचे आकडे धरून चालत नाही. जे बिलावर कधीच छापले जात नाही तेही धरावे लागते.

दिवा नेमका केव्हा जातो?

साध्या बल्बच्या पोटात टंगस्टन धातूची बारीक गुंडाळी, म्हणजे फिलामेंट असते. ती थंड असताना तिचा विद्युतरोध तापलेल्या अवस्थेच्या मानाने फारच कमी, ढोबळमानाने दहाव्या हिश्श्याइतका असतो. त्यामुळे बटण दाबताच क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह तिच्यातून धावतो. वापराने तार जेथे झिजून बारीक झालेली असते तेथे ती याच क्षणी तुटते. म्हणून बल्ब बहुधा दिवा लावण्याच्या वेळी जातो, आणि मोटारीचा दिवा लावण्याची वेळ म्हणजे तिन्हीसांजा. सुट्या भागांची दुकाने आवरू लागलेली असतात, ओळखीचा मिस्त्री घरी निघालेला असतो आणि सर्व्हिस सेंटरचे दार बंद झालेले असते.

जयपूरच्या बाबतीत ही अडचण अधिक जाणवते. खाटू श्यामजी तेथून सुमारे ८० किलोमीटरवर, मेहंदीपूरचा बालाजी शंभरच्या आसपास, अजमेर एकशे तीस-पस्तीस. पुणेकर अष्टविनायकांपैकी दोन-तीन गणपती एका दिवसात करून येतो, तसाच जयपूरकर या स्थळांना सकाळी निघून रात्री परततो. समजा, असेच एक कुटुंब बालाजीचे दर्शन घेऊन आग्रा रस्त्याने परत निघाले आहे. मागच्या आसनावर वृद्ध आई डोळे मिटून बसली आहे, तिच्या मांडीवर नातवंड झोपले आहे. दौसा अजून यायचे आहे. अंधार पडू लागतो, बटण दाबले जाते आणि उजवीकडचा दिवा लागतच नाही. त्या क्षणी बल्बची किंमत काय, मजुरी किती, हे प्रश्न मागे पडतात. घर साठ-सत्तर किलोमीटर दूर असते आणि समोर रस्ता असतो.

एका डोळ्याची गाडी

‘एक दिवा तर चालू आहे, हळूहळू जाऊ,’ हा विचार अशा वेळी स्वाभाविकपणे मनात येतो. तो किती धोक्याचा आहे हे समोरून येणाऱ्याच्या जागी बसून पाहावे. १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. त्यामुळे एकटा दिवा म्हणजे मोटारसायकल, असे समीकरण प्रत्येक चालकाच्या डोळ्यांत पक्के बसले आहे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. म्हणजे समोरच्या वाहनाला सर्वांत जवळ असते ती आपली उजवी बाजू. तिथलाच दिवा बंद असेल तर समोरचा चालक रस्त्याच्या कडेने एक दुचाकी येते आहे असे समजून आपली गाडी मध्यरेषेकडे घेतो. त्याला न दिसलेली आपली अर्धी गाडी तेव्हा नेमकी तेथेच असते.

आता आपल्या बाजूने पाहू. डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या झोतावर, रस्ता साधारण पन्नास-साठ मीटरपर्यंत नीट दिसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाण्यास दीड सेकंद लागतो असे धरले, तर तेवढ्यात २५ मीटर संपतात. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी २० मीटर लागतात. बेरीज ४५ मीटर. ताशी ८० वेगाला हीच बेरीज ६८ मीटरवर आणि १०० वेगाला ९७ मीटरवर जाते. म्हणजे दोन्ही दिवे धडधाकट असतानाही ८० च्या वेगाने डिपरवर जाणारी गाडी आपल्या प्रकाशाच्या पलीकडे धावत असते. त्यात एक दिवा गेला तर काय उरते, हे सांगावयास नको. राजस्थानच्या रस्त्यावर रात्री उंटगाडी, मागे दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा अचानक आडवी येणारी नीलगाय असते, आणि पौष-माघात दिल्ली व भरतपूरच्या दिशेने दाट धुकेही असते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडली. संध्याकाळी सहा ते रात्री नऊ हे तीन तास अपघातांच्या संख्येत सर्वांत वरचे आहेत. सुमारे एकपंचमांश अपघात या वेळेत झाले. यांपैकी प्रत्येक अपघात दिव्यामुळे झाला असे कोणी म्हणणार नाही. पण बल्ब जाण्याची वेळ आणि अपघातांची वेळ एकच आहे, ही गोष्ट हिशेबात धरली पाहिजे.

बल्बची वंशावळ

मोटारीच्या दिव्याचा इतिहास या प्रश्नावर थोडा प्रकाश टाकतो. अमेरिकेत १९४० पासून कित्येक दशके ‘सील्ड बीम’ दिवे वापरात होते. काच, आरसा आणि फिलामेंट अशी ती एकच बंद कुपी असे. तार तुटली की सबंध दिवाच बदलावा लागे. युरोपात १९६२ साली मोटारीसाठी हॅलोजन बल्ब आला. तार झिजून उडणारे टंगस्टनचे कण बल्बमधील आयोडीन किंवा ब्रोमीनसारख्या वायूशी संयोग पावतात आणि तापलेल्या तारेजवळ येताच पुन्हा तिच्यावर जमा होतात, हे त्याचे मर्म. त्यामुळे काच काळवंडत नाही आणि तार अधिक तापवून अधिक प्रकाश घेता येतो. १९७१ च्या सुमारास एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असलेला ‘एच-४’ आला. एक फिलामेंट अप्परचे, ६० वॅटचे. दुसरे डिपरचे, ५५ वॅटचे. भारतातील असंख्य लहान मोटारींत हाच तीन पायांचा बल्ब वर्षानुवर्षे बसत आला आहे. पुढे एकच फिलामेंट असलेला ५५ वॅटचा ‘एच-७’ही रूढ झाला.

बल्ब सुटा झाला म्हणूनच तो सामान्य माणसाच्या हाती आला. मारुती ८०० च्या काळात बॉनेट उघडले की दिव्याची पाठ समोर दिसे आणि हात सहज पोहोचे. नंतरच्या गाड्यांत यंत्रे दाटीवाटीने बसवली जाऊ लागली. कोठे बॅटरी आड येते, कोठे हवेच्या गाळणीची पेटी, तर काही गाड्यांत पुढचा बंपर सैल केल्यावाचून दिवा बाहेर निघत नाही. आता एलईडी दिव्यांनी वर्तुळ पूर्ण केले आहे. त्यांचे आयुष्य पुष्कळ असते, पण बिघाड झाला तर बहुधा पुन्हा सबंध दिवाच बदलावा लागतो आणि त्याची किंमत हजारोंच्या, काही गाड्यांत लाखाच्या घरात जाते. म्हणून ‘घरी की गॅरेजमध्ये’ या प्रश्नाचे उत्तर माणसाइतकेच गाडीवरही अवलंबून आहे. ते उत्तर बल्ब जाण्याआधीच, एखाद्या रविवारी सकाळी बॉनेट उघडून शोधून ठेवावे. हात दिव्याच्या पाठीपर्यंत पोहोचतो का, एवढेच पाहावयाचे असते.

घरी बदलावयाचा तर

हॅलोजन बल्ब बसणाऱ्या आणि हात पोहोचणाऱ्या गाडीत हे काम पंधरा-वीस मिनिटांचे आहे. प्रथम गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत बल्बचा प्रकार आणि वॅट पाहून नेमका तोच बल्ब आणावा. दोन्ही दिवे एकाच वेळी गेले असतील तर दोष बहुधा बल्बमध्ये नसतो. आधी फ्यूज व रिले तपासावे.

इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी आणि बल्ब निवण्यास दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. चालू बल्बची काच कित्येक शे अंशांपर्यंत तापते. शिवाय किल्ली लावलेलीच असली तर काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा अचानक फिरू लागतो. दिव्यामागील वायरींचा कपलर तार न ओढता कपलरलाच धरून काढावा. त्याखालची रबरी टोपी सोलल्यासारखी काढावी. मग एक तारेची स्प्रिंग दिसते. ती किंचित दाबून बाजूला सरकवली की बल्ब मोकळा होतो. तो बाहेर काढण्यापूर्वी कोणत्या दिशेने बसला आहे हे नीट पाहून ठेवावे.

नव्या बल्बला धरताना त्याच्या धातूच्या बुडालाच धरावे. हॅलोजन बल्बची काच क्वार्ट्झची असते. बोटांचे तेल वा घाम तिला लागला, तर दिवा तापल्यावर ती त्या जागी विशेष तापून कमकुवत होते आणि महिनोन्महिने टिकणारा बल्ब अवेळी जातो. बोट लागलेच तर स्वच्छ कापड स्पिरिटमध्ये भिजवून काच पुसावी आणि कोरडी होऊ द्यावी. बल्बच्या चकतीवरील खाचा अशा असतात की तो एकाच तऱ्हेने नीट बसतो. जोर लावावा लागला तर काही तरी चुकते आहे असे समजावे. स्प्रिंग अडकवावी, रबरी टोपी सर्व कडांनी घट्ट बसवावी, कारण तेथून धूळ आणि पाणी आत गेले तर आतील आरसा कायमचा मंद होतो, आणि राजस्थानच्या उन्हाळी वादळात धुळीची काय कमतरता? शेवटी कपलर लावून अप्पर आणि डिपर दोन्ही पाहावेत.

दोन्ही बल्ब एकाच दिवशी बसवलेले असतील तर त्यांचे वयही सारखेच असते. एक गेला की दुसराही फार मागे नसतो. म्हणून जोडी बदलावी आणि अजून जळणारा जुना बल्ब पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून गाडीतच ठेवावा. बालाजीहून परतणाऱ्या कुटुंबाकडे असे एक खोके असते, तर ढाब्याच्या उजेडात चहा निवेपर्यंत त्यांची अडचण दूर झाली असती.

तीन पर्यायांचा ताळेबंद

आता रुपयांकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. शहर, गाडी आणि बल्बचा दर्जा यांनुसार ते बदलतील. समजा, बल्ब २५० रुपयांना मिळतो. घरी बसवला तर खर्च २५० रुपये आणि वीस मिनिटे. दुसरा पर्याय आपल्या देशात सर्वाधिक चालणारा. सुट्या भागांच्या दुकानात जावे, बल्ब विकत घ्यावा आणि तेथल्याच मुलाकडून तो बसवून घ्यावा. बल्बचे २५०, बसवण्याचे १००, जाण्यायेण्याच्या दहा किलोमीटरचे सुमारे ७० रुपयांचे पेट्रोल. एकूण ४२० रुपये आणि तास-दीड तास. तिसरा पर्याय अधिकृत सर्व्हिस सेंटरचा. बल्ब ३००, मजुरी ४००, मजुरीवर १८ टक्के दराने वस्तू व सेवा कर ७२. एकूण ७७२ रुपये आणि अर्धा दिवस. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण येथे आठवल्यावाचून राहत नाही.

तरीही दुसऱ्या आणि पहिल्या पर्यायातील फरक अवघा १७० रुपयांचा आहे, आणि तोही वर्षा-दोन वर्षांतून एकदा. युरोप-अमेरिकेत मिस्त्रीच्या तासाचा दर भारी असल्यामुळे तेथे माणूस मजुरी वाचवण्यासाठी हे काम शिकतो. आपल्याकडे मजुरी स्वस्त आहे आणि कोपऱ्यावर कोणी ना कोणी करून देणारा असतो, म्हणून आपण ते शिकलोच नाही. एवढ्या बचतीसाठी हात काळे करा, असा सल्ला कोणताही हिशेबनीस देणार नाही.

ताळेबंदाची खरी बाजू वेगळीच आहे. बल्ब सोमवारी संध्याकाळी गेला आणि गॅरेजला जाणे रविवारवर ढकलले, तर मधल्या सहा रात्री गाडी एका डोळ्याने फिरते. अर्थशास्त्रात याला जोखमीची किंमत म्हणतात आणि ती कोणत्याही बिलात येत नाही. घरी बदलणाऱ्याच्या खात्यात या सहा रात्री शून्य असतात. दुकानात जाऊन त्याच संध्याकाळी बल्ब बसवून घेणाऱ्याच्या खात्यातही त्या शून्यच असतात. सर्वांत महाग पर्याय म्हणजे ‘बघू नंतर’. मजुरी वाचावी म्हणून नव्हे, तर दिवा त्याच रात्री लागावा म्हणून हे काम शिकून ठेवावे.

मिस्त्रीचे काम मिस्त्रीकडे

काही कामे मात्र पैसे देऊन जाणकाराकडूनच करून घ्यावीत, आणि त्यांत कसर करू नये. झेनॉन प्रकारच्या दिव्यांना सुरू होताना हजारो व्होल्टचा दाब लागतो. तेथे घरगुती हात घालणे जिवावर बेतू शकते. एलईडीचे बंद दिवे, बंपर काढावा लागणाऱ्या गाड्या, जळून काळा पडलेला कपलर, ही सारी गॅरेजची कामे. एकाच बाजूचा बल्ब वारंवार जात असेल तर नुसते बल्ब बदलत बसण्यात अर्थ नसतो. गाडीचा व्होल्टेज नेहमीपेक्षा पाच टक्क्यांनी जरी वाढला तरी बल्बचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. उलट गंजलेल्या जोडांमुळे दिव्यापर्यंत पोहोचणारा व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटला तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. दिवे पिवळट, मंद वाटत असतील तर दोष अनेकदा तारांत असतो, किंवा उन्हाने पिवळ्या पडलेल्या दिव्याच्या प्लॅस्टिक आवरणात. हे ओळखणारा ऑटो इलेक्ट्रिशियन त्याच्या मजुरीहून अधिक मोलाचे काम करतो.

दिव्याचा कोन हेही असेच काम. जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्राची उतरती भिंत त्या शहराच्या अक्षांशाइतकीच, सुमारे २७ अंशांनी, कललेली आहे. तो कोन चुकला असता तर एवढे प्रचंड यंत्र निरुपयोगी ठरले असते. मोटारीच्या झोताचे गणित त्याहून बारीक आहे. झोत पुढे जाता जाता साधारण एक टक्का खाली उतरावा लागतो. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असेल, तर दहा मीटरवरील भिंतीवर उजेडाची वरची कड ५५ सेंटिमीटरवर दिसली पाहिजे. हाच झोत एक टक्का खाली जाण्याऐवजी एक टक्का वर गेला, तर पन्नास मीटरवर तो ११५ सेंटिमीटर उंचीवर पोहोचतो, म्हणजे समोरून येणाऱ्या मोटारचालकाच्या थेट डोळ्यांत. पूर्वी वाहतूक पोलीस दिव्यांचा वरचा भाग किंवा मधला ठिपका काळा रंगवावयास लावीत, ते याच दीपवण्याच्या भयाने.

यावर सोपा उपाय असा की, बल्ब बदलण्यापूर्वी सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून चालू दिव्याच्या उजेडाची कड खडूने आखून ठेवावी आणि नवा बल्ब बसवल्यावर ताडून पाहावी. कड जुळली नाही तर आधी बल्ब खाचेत नीट बसला आहे का ते पाहावे आणि तरीही न जुळल्यास सरळ गॅरेज गाठावे.

हमी, विमा आणि कायदा

‘आपण हात लावला तर कंपनीची हमी जाईल,’ ही भीती अनेक ग्राहकांना असते. या संदर्भात भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश मोलाचा आहे. सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध न ठेवल्याबद्दल आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाच्या आकारणीवर पुढे अपिलात फेरविचार झाला. मात्र त्या आदेशात ग्राहकाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट सांगितलेली होती. ग्राहकाने बाहेरच्या मिस्त्रीकडे काम करून घेतले एवढ्यावरून संपूर्ण हमी रद्द करण्याची सरसकट अट कंपन्यांनी घालू नये; सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच हमी नाकारावी. २४ डिसेंबर २०२२ रोजी ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ सुरू केले, त्यातही मोटारींचा समावेश आहे. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

विम्याविषयीही थोडे. बल्ब आपोआप गेला तर तो विद्युत बिघाड ठरतो आणि नेहमीच्या मोटार विम्यात त्याची भरपाई मिळत नाही. धडक बसून सबंध दिवा फुटला तर सर्वसमावेशक पॉलिसीत दावा करता येतो. परंतु ‘शून्य घसारा’ घेतला नसेल तर प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा वजा होतो. शिवाय दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ जातो. हा बोनस पहिल्या वर्षी २० टक्के आणि दाव्याविना सलग पाच वर्षे गेल्यास ५० टक्के असतो. किरकोळ रकमेचा दावा करण्यापूर्वी या दोन आकड्यांची तुलना जरूर करावी.

तसाच बल्ब बसवणे आणि भलता बसवणे यांत कायदा फरक करतो. अधिक उजेडाच्या मोहाने ५५ वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब, किंवा हॅलोजनच्या आरशात बाजारातील एलईडी बसवला, तर तारा व आरसा तापतात, झोत विस्कटतो आणि समोरचा चालक आंधळा होतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार वाहनात परवानगीविना फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलापोटी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दसऱ्याचा मुहूर्त

थोडक्यात, ज्या गाडीत हात पोहोचतो आणि बल्ब हॅलोजनचा आहे, तेथे तो बदलणे घरातील प्रत्येक वाहनचालकाला, स्त्री असो वा पुरुष, यावयास हवे. जेथे वीज, कोन अथवा बंद दिवा यांचा प्रश्न आहे, तेथे जाणकाराला त्याचे दाम आनंदाने द्यावे. आणि दोन्ही प्रसंगी काम त्याच दिवशी व्हावे.

हे शिकण्यास मुहूर्त हवाच असेल तर दसऱ्याहून चांगला कोणता? मराठी घरांत त्या दिवशी गाडी धुऊनपुसून तिला झेंडूचा हार घालतात. तेव्हाच भर उजेडात बॉनेट उघडावे, एकदा बल्ब काढून पुन्हा बसवून पाहावा, मुलांनाही दाखवावा आणि एक जादा बल्ब पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून गाडीत ठेवून द्यावा. देवघरातील समई तिन्हीसांजेला लागलीच पाहिजे, असा आपल्या घरांचा दंडक असतो. रस्त्यावरच्या आपल्या दिव्यालाही तोच दंडक लावला, तर परतीच्या वाटेवर मागच्या आसनावर झोपलेली माणसे निश्चिंत झोपू शकतील.